हंसांची जपानी चकती

आमच्या ह्यांना सिल्वासाच्या टोकरखाड्यात सगळे देवमाणूस म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्यांच्याबरोबर संसार केलाय, त्यामुळे देव कोण आणि माणूस कोण ते मला चांगलं कळतं. विश्वनाथ सर चांगले आहेत, नाही असं नाही. कुणाला उणा शब्द बोलणार नाहीत. दारूला शिवत नाहीत, आणि दारू आमच्या सिल्वासात इतकी मिळते की शेजारच्या गुजरातेतून माणसं खास त्यासाठी येतात. एवढं सगळं खरं. पण अठ्ठ्याऐंशी सालच्या दसऱ्याला ह्यांनी जे केलं ते आठवलं की अजून माझे कान तापतात. करणारे हे आणि लाज मला. नवरा-बायकोत सगळं अर्धं अर्धं म्हणतात ते काही उगीच नाही.

हे मूळचे कुडाळकडचे. सरकारी मराठी शाळेत चित्रकलेचे शिक्षक म्हणून इथं आले आणि इथलेच झाले. चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत काय किंमत असते ते मी सांगायला नको. गणिताचा भाग मागं पडला की ह्यांचा तास काढून घ्यायचे. साहेब तपासणीला येणार असले की फळ्यावर कमळ काढायला ह्यांना बोलवायचे, आणि साहेबांबरोबर चहा घ्यायच्या वेळी नेमके विसरायचे. एकदा एका पालकानं विचारलं, "सर, तुम्ही काय शिकवता?" हे म्हणाले, "चित्रकला." तो म्हणतो, "ते झालं हो, पण विषय कुठला?" घरी येऊन हसत हसत सांगितलं मला. पण त्या दिवशी ताटातली सोलकढी तशीच राहिली. कुडाळच्या माणसानं सोलकढी टाकली म्हणजे बघा.

तेव्हा सिल्वासात कारखान्यांचं पेव फुटलं होतं. आमलीच्या बाजूला धाग्याचा एक कारखाना नवा उभा राहत होता. त्याची मशिनं जपानहून आलेली आणि ती बसवायला माणूसही जपानीच. होरी त्याचं नाव. साठीच्या आसपासचा, बारीक चणीचा, सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा लावणारा. कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये एकटाच राहायचा. ह्यांना तिथं बोलावलं होतं ते 'धोका', 'धूम्रपान मना' असल्या पाट्या मराठी, हिंदी आणि गुजरातीत रंगवायला. ब्रश घेऊन व्हरांड्यातून जाताना ह्यांनी पाहिलं, तर होरीसाहेब एका चकतीवर पातळ कागद ठेवून त्यावरून काळ्या शाईची वडी घासतायत आणि कागदावर हंस उमटतायत.

"अहो, हे तर आमची पोरं वर्गात नाण्यावर करतात!" हे मोठ्यानं म्हणाले, तेही मराठीत. साहेबांना शब्द कळला नाही, पण ह्यांनी खिशातून रुपया काढला, शिसपेन्सिल काढली आणि कागदावर रुपया उमटवून दाखवला. साहेब जे हसायला लागले! दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, म्हणून जमलं. एकाचं जरी चांगलं असतं ना, तर दुसरा लाजून गप्प बसला असता.

त्या चकत्या म्हणजे जपानी तलवारीच्या परजा. आपल्या तलवारीला मुठीपाशी, हात पात्यावर घसरू नये म्हणून आडवा लोखंडी भाग असतो ना, ती परज. त्यांची ती गोल असते, बशीएवढी, मधे पात्यासाठी भोक. त्सुबा म्हणतात तिला. जुन्या, तीनशे-चारशे वर्षांच्या. साहेबांना त्यांचं वेड. दिवसभर मशिनं बसवायची, संध्याकाळी ह्या गावात करणार काय? म्हणून घरून पाच-सहा निवडक चकत्या लाकडी डब्यांतून बरोबर आणलेल्या, अभ्यासाला. आणि आमच्या ह्यांना तेच पाहिजे होतं. शाळा सुटली की सायकल थेट आमलीला.

काय काय शिकले ते मला रोज भाकरी थापताना ऐकावं लागायचं. गाण्यात घराणी असतात तशी ह्या चकत्या घडवणाऱ्या लोहारांची घराणी. एक घराणं ओवारी. लोखंड जाड, नक्षी आरपार कोरलेली, कडा सुरीसारख्या उभ्या. आणि चकतीची बाहेरची कड हातानं चाचपली तर मधे मधे गाठी लागतात, लोखंड ठोकताना राहिलेल्या. साहेब त्याला लोखंडाची हाडं म्हणायचे. दुसरं आकासाका. तिथलीही नक्षी आरपारच, पण कडा मऊ, गोलसर, चित्र नाजूक. तिसरं गोतो घराणं, ते लोखंडाला हातच लावायचं नाही. तांब्यात थोडं सोनं मिसळून असा काळा रंग आणायचं की उन्हात धरला तर मोराच्या मानेसारखा निळा मारतो, आणि त्या काळ्यावर राजगिरा पसरावा तसे बारीक बारीक दाणे, ओळीनं ठोकलेले. चित्रांचंही तसंच. हंस कुणाचे, वेली कुणाच्या, रथाचं चाक कुणाचं. पण नुसत्या चित्रावर जायचं नाही, कारण चित्राची नक्कल कुणीही करतं. घराणं ओळखायचं ते धातूचा रंग बघून आणि कडेवर बोट फिरवून.

घरात तर ताप झाला. "कुसुम, ह्या झाऱ्याचं घराणं सांग." मी म्हटलं, "सासरचं. आणि आता तेल तापलंय, बाजूला व्हा." पण खरं सांगते, मला बरं वाटायचं. इतक्या वर्षांत ह्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी पाहिलं नव्हतं. साहेब कापडावर चकत्या मांडायचे, ह्यांना विचारायचे, कुठलं घराणं? आणि हे बरोबर सांगायचे. चुकले तर साहेब नुसतं हसून चकती पुन्हा हातात द्यायचे.

त्यातली एक चकती मात्र साहेबांनाही सुटत नव्हती. हंसांची. लव्हाळ्यातून उतरणारे हंस. मला तर ते आमच्या खाडीवरचे बगळेच वाटले. साहेबांच्या वडिलांची होती ती. हे म्हणायचे ओवारी, साहेबांचा कल आकासाकाकडं. साहेब मायदेशी गेल्यावर ती आपल्या गुरूंपुढं ठेवणार होते, आणि मग निकाल लागणार होता. त्या काळपट जांभळ्या रंगावर, आमच्याकडच्या वाळल्या कोकमासारख्या, आणि कडेच्या गाठींवर सगळं ठरायचं होतं. "हा गंज नाही," साहेबांनी ह्यांना पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "हे वय आहे." चकती धरायची ती कडेनं. पुसायची ती मऊ सुती कापडानं. "नो वॉश, सर. नेव्हर वॉश." हे वाक्य आमच्या घरात इतकं झालं होतं की मी भांडी घासायला बसले की हेच मला म्हणायचे, नो वॉश, नो वॉश!

नवरात्रात साहेबांना सुरतेच्या कुठल्याशा कारखान्यात मशीन बघायला जावं लागलं. जाताना डबे ह्यांच्या हवाली केले, राहिलेले ठसे काढून ठेवा म्हणाले. केवढा विश्वास! ह्यांनी डबे देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवले होते.

आता खंडेनवमी. त्या दिवशी शस्त्रांची, अवजारांची पूजा. कारखान्यात तर मोठीच असते, मशिनांना झेंडूच्या माळा, पाने-पक्कड सगळं पाटावर. नवनाथ म्हणून धुळ्याकडचा फिटर होता, तो ह्यांना म्हणाला, "सर, साहेबांच्या त्या तलवारीच्या चकत्या म्हणजे शस्त्रच की. पूजेत मांडल्या पाहिजेत." झालं. एवढ्यावर हे थांबले असते तरी चाललं असतं. पण ह्यांच्या डोक्यात आलं की शेठ येणार, सगळा स्टाफ बायकापोरांसकट येणार, तेव्हा चकत्या पुढं मांडून आपण दोन शब्द बोलावेत. चित्र कुठलं, घराणं कुठलं, कसं ओळखायचं. मॅनेजरांनीही हो म्हटलं. मग काय, भाषण लिहिणं, आरशापुढं म्हणणं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

आदल्या दिवशी दुपारी कमळाबाई आमच्याकडं तोरणासाठी आंब्याचे टाळे न्यायला आली. ही गेस्ट हाऊसमध्ये साहेबांचा स्वयंपाक आणि झाडलोट बघायची. साक्रीकडची, नवरा वारलेला, आमलीत चाळीत एका खोलीत राहायची. एकच मुलगी, चंदा, आठवीत, ह्यांच्याच वर्गात. पोरगी महाहट्टी. आईचं ऐकायची नाही, शाळेत बाकीच्या मास्तरांनाही जुमानायची नाही. पण चित्रकलेच्या तासाला मान वर करायची नाही, इतकी रमायची. "सर म्हणतात" असं म्हटलं की तिच्या तोंडातून वेदवाक्य निघालं समजा. कमळाबाईला ह्या नोकरीचा फार आधार होता. दोन वेळचं जेवण तिथं व्हायचं, मुलीलाही डबा मिळायचा.

ह्यांनी डबे तिच्या हातात दिले. "बाई, ह्या उद्या पूजेत मांडायच्या. सगळ्यात पुढं."

"बरं सर. घासून-पुसून मांडते."

"हां हां, मांडा." ह्यांच्या एका हातात भाषणाचा कागद होता आणि ओठ हलत होते. मी चुलीपाशी करंज्या तळत होते, ऐकलं मी हे. मला वाटलं, साहेबांनी काय सांगितलंय ते ह्यांना ठाऊक आहे, ह्यांनी तिला समजावलं असेल. समजावलं कसलं! आपल्याकडं वस्तू पूजेत मांडायची म्हटली की ती चिंच लावून लख्ख करायची, ही काय सांगायची गोष्ट आहे? देवापुढं काळं भांडं ठेवणारी बाई मी तरी पाहिली नाही. आणि बाई तर विचारून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी चांगली नारळी काठाची साडी नेसून गेले. शेठ आले, मॅनेजर आले, शंभरेक माणूस जमलं. मधे पाटावर लाल कापड, आणि त्यावर पाने, हातोड्या, मोजपट्ट्या, सगळ्यांना हळदीकुंकू. सगळ्यात पुढं एका ताटात झेंडू आणि त्यात चकत्या. चकत्या कसल्या, आरसे! चिंचेच्या कोळात बुडवून, विटेची पूड लावून, काथ्यानं घासून घासून कमळाबाईनं त्या अशा उजळल्या होत्या की डोळे दिपावेत. हंस चांदीसारखे पांढरे. मोराच्या मानेचा रंग गेला आणि खालून तांबं वर आलं, नव्या तांब्यासारखं. राजगिऱ्याचे दाणे सपाट. बाई बाजूला पदर सावरून उभी, केवढ्या समाधानानं.

"वा! काय चमकतात!" शेठ म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ह्यांच्याकडं पाहिलं. तोंडचं पाणी पळालं होतं.

माणसानं तिथं काय करायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, आज माझं बोलणं राहू द्या, घोटाळा झालाय. बस. पण शेठ पुढच्या खुर्चीत बसलेले, मॅनेजरांनी नाव पुकारलेलं, "अपने विश्वनाथ सर". आणि हे उठले. आणि बोलले. बाई गं! पाठ केलेलं सगळं जसंच्या तसं बोलले. "ह्या लोखंडाचा काळपट जांभळा रंग पाहा," म्हणाले, आणि बोट दाखवलं पांढऱ्याफेक चकतीकडं. "ह्यावरून ओवारी घराणं ओळखू येतं." लोक माना डोलावत होते. कुणाला काय कळतंय! त्या शंभर माणसांत खोटं कळणारी दोनच, एक हे आणि एक मी. धरणीनं पोटात घ्यावं असं मला वाटलं. नवऱ्याला टाळ्या पडतायत आणि बायको खाली मान घालून बसलीय. शेठनी शाल दिली. ती शाल ह्यांनी घेतली.

सायकलवरून घरी आलो. आल्यावर चकत्या काढून मऊ सुती कापडानं पुसत बसले. मेल्याला औषध पाजण्यातला प्रकार!

दसऱ्यानंतर साहेब परतले. त्या सकाळी हे डबे घेऊन गेले आणि दुपारी आले ते पार उतरलेल्या चेहऱ्यानं. मी विचारलं, काय झालं? तर सांगितलं तुकड्यातुकड्यानं. साहेबांनी डबा उघडला, चष्मा लावला, हंसांची चकती कडेनं उचलली. कडेवरून बोट फिरवलं. गाठी घासून गेल्या होत्या, उभ्या कडा गोल झाल्या होत्या. पुन्हा फिरवलं. मग डबा बंद केला. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. मॅनेजर मात्र तिथंच होते. परदेशी माणसाची वस्तू बिघडली म्हणजे मॅनेजर लोकांना काहीतरी करून दाखवायलाच हवं. ते तडकले, "सर, ये किसने किया?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी म्हटलं, बाईंच्या ताब्यात दिल्या होत्या."

"आणि बाई कुठं होत्या?"

"दारात. चहाचा ट्रे घेऊन."

"घासून मांडते म्हटल्यावर 'हां, मांडा' कोण म्हणालं, ते सांगितलंत?"

हे पाय धुवायला मोरीत गेले. मॅनेजरनं कमळाबाईला उभ्या उभ्या काढून टाकलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मी नाही ऐकून घेतलं. "आत्ता जा आणि सांगून या," म्हटलं. तर म्हणे मॅनेजर वापीला गेलेत. दुसऱ्या दिवशी म्हणे शाळेत घटक चाचणी आहे. तिसऱ्या दिवशी म्हणे, "कुसुम, साहेबांचा माझ्यावर किती विश्वास आहे गं. तो जाईल." मला इतकी किळस आली त्या वाक्याची! मी म्हटलं, "विश्वास आहे तो खोटा आहे, आणि बाईची चूल बंद झाली ती खरी आहे." त्यावर उठून बाहेर गेले. चार-आठ दिवस असेच गेले.

आणि मग कमळाबाई स्वतःच घरी आली. पिशवीत शेवग्याच्या शेंगा घेऊन. खुर्चीवर नाही बसली, दाराशी टेकली. "सर, माले माफ करा. माझ्यामुळं साहेबापुढं तुमाले खाली पाहाया लागलं."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. मला वाटलं, आता तरी. आता तरी हा माणूस बोलेल.

"असू दे," हे म्हणाले. "असू दे, असू दे. होतं असं."

माफ केलं हो तिला! ज्यानं पाय धरायचे त्यानं माफ केलं. माझ्या हातातला पेला खाली आपटला, मी आपटला. बाई दचकली. मी तिला आत बोलावलं, चहा दिला, पण माझ्याच्यानं तिच्या डोळ्यांत बघवेना. विचारलं, काम मिळालं का कुठं? म्हणाली, किलवणीला एका पॅकिंगच्या कारखान्यात बोलावलंय, पण रोज तेवढं चालत जाणं. ती गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, "मला तुमची लाज वाटते." लग्नाला सतरा वर्षं झाली होती, पण हे मी कधी बोलले नव्हते. त्या शेवग्याच्या शेंगा मी शिजवल्या नाहीत, त्या तिथंच वाळल्या.

पुढच्या रविवारी सकाळी दारात जीप थांबली. होरीसाहेब. हातात कापडात गुंडाळलेलं पुस्तक, चकत्यांचं, त्यात सगळ्या घराण्यांची चित्रं. साहेबांनी बूट बाहेर काढले, आमच्या त्या एवढ्याशा खोलीत सरळ उभे राहिले आणि ह्यांच्यापुढं कमरेत वाकले. चांगले वाकले, उठेनात. मग म्हणाले, तुमच्यावर मी एवढं ओझं टाकायला नको होतं, चूक माझी, मला क्षमा करा. हे पुस्तक तुम्हाला.

आठवड्यात दोन माणसं ह्यांची माफी मागायला आली, आणि दोन्ही ज्यांचं नुकसान झालेलं. ह्यांनी पुस्तक हातात घेतलं. मग एकदम बोलले, "नो. आय. आय टोल्ड. बाई आस्क. आय सेड यस, वॉश." आणि पुढं इंग्रजी सुचेना, तर मराठीतच सांगत सुटले, पूजा, भाषण, शेठची शाल, मॅनेजर, सगळं. साहेबांना शब्द किती कळले देव जाणे, पण अर्थ कळला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मला राग दिसला, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मग त्यांनी एवढंच विचारलं, "बाई? वेअर?"

तिघंही जीपनं आमलीला गेलो. चाळीत जीप आली म्हटल्यावर शेजारणी बाहेर आल्या. कमळाबाई तांदूळ निवडत होती, आणि उंबऱ्यात चंदा चित्र काढत बसलेली. सरांना बघून ती ताडकन उठली, चित्र पुढं केलं. "सर, हे बघा, हात जमला का?" ह्यांनी चित्राकडं बघितलंच नाही.

साहेब कमळाबाईपुढं वाकले. ती बिचारी भिंतीला टेकली, "अरे देवा, हे काय!" साहेब म्हणाले, मॅनेजरशी मी बोलेन, उद्यापासून कामावर या, प्लीज. हे मी तिला समजावून सांगितलं. मग ह्यांनी घसा खाकरला. कमळाबाईनं ह्यांच्या तोंडाकडं पाहिलं मात्र, आणि तिला काय कळायचं ते कळलं. "चंदा," ती घाईघाईनं म्हणाली, "जा, दुकानातून साखर घेऊन ये. पळ."

"नको," हे म्हणाले. "तिला इथंच राहू दे."

मला वाटलं, शेवटी उभा राहिला माझा नवरा. आणि ह्यांनी मुलीपुढं, शेजारणींपुढं, स्वच्छ मराठीत सगळं सांगितलं. घासा म्हणून मीच हो म्हटलं. मॅनेजरपुढं मी खोटं वागलो. तुझ्या आईचं काम माझ्यामुळं गेलं, आणि तिनं माफी मागितली तीही मी घेतली.

कमळाबाई रडेल, नाहीतर पदर डोळ्यांना लावून "जाऊ द्या सर" म्हणेल, असं मला वाटलं होतं. ती संतापली. सूप बाजूला सारलं आणि उठून उभी राहिली.

"हिच्यापुढं कशाला सांगितलं, सर? माले काय माहीत नव्हतं का? मी तुमाले विचारलं, तुम्ही हां म्हटलं, माझे काय कान फुटले होते? मॅनेजरपुढं तोंड उघडाया माले येत नव्हतं का?" तिचा आवाज चिरकला. "काम काय, एक जातं, दुसरं मिळतं. भांडी सगळीकडं आहेत. ही पोर माझं ऐकत नाही, कुणाचं ऐकत नाही, एक तुमचं ऐकते. म्हणून गप्प बसले मी. म्हणून तुमच्या दारी आले माफी मागाया, की तुमच्या मनात राहू नये, तुम्ही वर्गात पहिल्यासारखे उभे राहावे. आता ही कुणाचं ऐकेल, सांगा ना!"

साहेबांना एक अक्षर कळलं नव्हतं, ते आपले पुन्हा वाकले. चंदानं सरांकडं पाहिलं नाही. तिनं ते चित्र घडी करून फ्रॉकच्या खिशात घातलं, कोनाड्यातली पिशवी घेतली आणि साखर आणायला गेली.

हे तिथंच चाळीच्या ओट्यावर खाली बसले. मी त्यांना उठा म्हटलं नाही.